मोबाइलातले बाबा

...नाही, झोप लागणार कशी, तुम्हीच सांगा! तीन रात्री, तुम्हाला सांगते, तीन रात्री मी आढ्याकडे बघत पडलेली, आणि कारण काय, तर अंगणवाडीतली खिचडी. म्हणजे खिचडी चांगली होती, त्या दिवशी तर तिच्यात बटाटासुद्धा सापडला म्हणे, पण ती वाढता वाढता अंगणवाडीच्या बुधरीबाईंनी पोरांना एकेक करून विचारलं, तुझे बाबा काय करतात. कोणी म्हणालं धान कापतात, कोणी म्हणालं तलावात मासे धरतात, एक म्हणालं झोपतात, आणि माझी डिंपल, तीन वर्षं पूर्ण व्हायला अजून दीड महिना, माझी डिंपल म्हणाली, "माहे बाबा मोबाइलात हाये." बुधरीबाई हसल्या, म्हणाल्या, मग दिसतात कसे गं तुझे बाबा? तर पोरगी खिचडीतला बटाटा शोधता शोधता म्हणते, "बाबा दिसत नाई. बाबा आयकू येते."

झालं. बुधरीबाईंनी ती गोष्ट हातपंपावर सांगितली, हातपंपावर सगळ्या हसल्या, मीही हसले, हसणारच, घागर डोक्यावर असताना बाई दुसरं काय करणार. घरी आले, घागर ठेवली आणि तिथंच बसले. कारण मी डी.एड. आहे. नोकरी नाही लागली ती गोष्ट वेगळी, यादीत नाव आहे, यादी कुठं आहे ते कोणाला माहीत नाही, पण बालमानसशास्त्राचा पेपर मी लिहिलेला आहे, आणि त्यात एक प्रश्न होता, 'बालकाच्या विकासात पित्याचे स्थान स्पष्ट करा', आठ गुण. मी काय काय लिहिलं होतं म्हणता! छत्र लिहिलं, आधार लिहिला, स्पर्श लिहिला, दोन पुरवण्या लावल्या. आणि आता माझ्याच घरातल्या बालकाच्या विकासात पित्याचं स्थान कुठं, तर भिंतीतल्या फडताळात, चार्जरला लावून.

तुम्ही म्हणाल, गेला कुठं हिचा नवरा? गेला कुठं म्हणजे, नाटकात गेला. आमचे हे, भूपेश, पावसाळ्यात धानाची रोवणी करतात, चिखलात वाकलेले असतात, गरीब गाय, कोणाला मोठ्यानं 'बाजूला हो' म्हणणार नाहीत. आणि दिवाळी झाली, भाऊबीज आटपली, की वडस्याच्या नाटक कंपनीत खलनायक. दिवाळी ते होळी, आज या गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, उद्या त्या गावची मंडई, रात्री दहाला पडदा उघडला की उजाडेपर्यंत हे बायकांना पळवतात, घरं पेटवतात, म्हाताऱ्यांना लाथा घालतात, आणि सकाळी कुठल्या तरी शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपतात. गाव म्हणतं, वा, काय नीच माणूस उभा केलाय भूपेशनं! सासूबाई तर पदरानं डोळे पुसतात अभिमानानं. आणि मी? मला अभिमान नाही असं नाही. मला फक्त वाटतं की इतक्या दुसऱ्यांच्या बायका पळवून नेण्यापेक्षा एखाद्या दिवशी घरी येऊन स्वतःच्या बायकोशी चार शब्द बोलला माणूस, तर काय बिघडेल... जाऊ द्या.

तर मोबाइलचं. मोबाइल त्यांचाच, कॅमेऱ्याचा, आमच्या गल्लीत कॅमेऱ्याचा मोबाइल हा एकच. पण कंपनी जाते तिथं अर्ध्या गावांत रेंज नाही, आणि मागच्या वर्षी रंगपटात तो पावडरच्या डब्यात पडून दोन दिवस सापडला नव्हता, म्हणून या वर्षी घरी ठेवून गेले. फोन करायचा तर मॅनेजरच्या मोबाइलवरून, आणि मी घ्यायचा तर तलावाच्या पाळीवर चिंचेखाली उभं राहून, कारण आमच्या गावात, पोंभुर्ण्यात, आमच्या बाजूला रेंज तेवढीच, चिंचेखाली, आणि तीही उत्तरेकडे तोंड केलं तर.

आणि त्या मोबाइलात आहेत डिंपलचे बाबा. म्हणजे काय, ते सांगते. मागच्या होळीला कंपनीचा जुना खलनायक सोडून गेला, आणि यांना, जे आतापर्यंत हवालदार, नाहीतर डाकिया, नाहीतर गर्दीतला दुसरा माणूस करायचे, त्यांना एकदम चार अंकी नाटकातला खलनायक दिला. 'कुंकवाला लागली वाळवी' असं नाटकाचं नाव. पाठ कसं होणार? वाचायला यांना कंटाळा, म्हणून यांनी काय केलं, तर श्रावणात गोठ्यात बसून अख्खं नाटक मोठ्यानं वाचलं आणि मोबाइलात भरलं. अख्खं म्हणजे सगळ्यांची कामं! तेंदूपत्त्याचा ठेकेदार विक्रांत, तो हे स्वतः, तो जाडा आवाज. नायिका शालू, ती बारीक आवाजात. शालूचा बाप खोकत खोकत. आणि विनोदी नोकर नाकातून. चार तास सात मिनिटं. मग कामाला जाताना, जेवताना, बैल धुताना ते कानाला लावून पाठ केलं.

हे वडस्याला गेल्यावर डिंपल रडायला लागली, एका संध्याकाळी काही केल्या राहीना, तेव्हा मी म्हटलं, थांब, तुला बाबा ऐकवते, आणि ते लावलं. पोरगी गप्प. दुसऱ्या दिवशी दिवे लागले की स्वतःच म्हणाली, बाबा लाव. तेव्हापासून रोज. लोकांची लेकरं अंगाईवर झोपतात, माझी लेक कशावर झोपते? "शालू, या जंगलात पानसुद्धा या विक्रांतला विचारून हलतं!" यावर झोपते. अंगठा तोंडात, डोळे मिटलेले, आणि बाप म्हणतोय, "म्हाताऱ्या, तुझी चिता मी तुझ्याच दारात रचीन," की हिचा श्वास एका लयीत. सासूबाईंनी भात जास्त वाढला तर त्यांना म्हणते, "नलाधमा, दूल हो." सासूबाई कौतुकानं मला सांगतात, बोली साफ होऊन राह्यली वो पोट्टीची.

आता तुम्ही म्हणाल, मग फोटो दाखव की बापाचा. आहेत ना फोटो! लग्नातला आहे, त्यात मुंडावळ्यांच्या आड एक नाक आहे. डिंपल म्हणते मामा. मतदान कार्डावरचा आहे, तो आमच्या घरातल्या कोणाचाच वाटत नाही. आणि कंपनीचं पोस्टर आहे, त्यात लाल डोळे, गालावर वार, आणि मिशी एवढी की तिच्यावर दोन कावळे बसावेत. मी दाखवलं, हे बघ बाबा. दोन दिवस ती त्या खोलीत गेली नाही.

म्हणून मी ठरवलं. एक फोटो. साधा, धुतलेल्या तोंडाचा, बनियनमधला चालेल, मांडीवर डिंपल. एकच. आणि देव कसा पावतो बघा, सोमवारी चिंचेखाली फोन आला, "रीता, बुधवारी रात्री मूलजवळ प्रयोग आहे. बिस्तरवारी सकाळी नऊले येतो. अकराले गाडी पुढं गडचिरोलीकडे. दोन घंटे आहे." त्यानंतर? त्यानंतर थेट होळी. म्हणजे दिवाळी ते होळी मिळून दोन तास! मी धावत घरी आले, म्हटलं आतापासून सराव करू, फोटो हलायला नको, मोबाइल हातात घेतला, कॅमेऱ्याचं बटन दाबलं...

आणि कॅमेरा? उघडायचं नाव नाही.

बटन दाबलं की ते वाळूचं घड्याळ येतं, इवलंसं, ते गरगर फिरतं, मग इंग्रजीतली एक ओळ चमकते आणि पळते. मी बी.ए. आहे हो, इंग्रजी घेऊन, पण ती ओळ इतकी पळपुटी की माझं इंग्रजी 'नॉट'पर्यंत पोचतं तोवर ती गेलेली असते. नॉट काय? पुढे काय नॉट? पुन्हा दाबलं, पुन्हा घड्याळ, पुन्हा नॉट. तीस वेळा दाबलं असेल. डिंपल शेजारी बसून मोजत होती, तिला सातपर्यंतच येतं, म्हणून ती सात झाले की पुन्हा एकपासून.

सासूबाई आल्या. सासूबाई म्हणजे मनकर्णाबाई, गावात बाळंतपणापासून बैलाच्या पोटफुगीपर्यंत सगळं त्यांना विचारून होतं. त्यांनी मोबाइल हातात घेतला, उलटा केला, मागच्या त्या काचेच्या टिकलीवर बोट फिरवलं आणि निदान केलं की याले थंडी भरली. म्हटलं, आई, यंत्राला थंडी भरते होय? तर म्हणाल्या, "काऊन नाई? सायकलची ट्यूब थंडीत कडक होते का नाई?" आणि मोबाइल सुपात घालून उन्हात ठेवला. शेजारी लाखोळीची डाळ वाळत होती, मध्ये मोबाइल. दोन तासांनी डाळ वाळली, मोबाइल तापला, इतका की मी पदरात धरून आणला.

आणि कॅमेरा? उघडायचं नाव नाही.

मग शेजारचे मुखरूभाऊ आले. मुखरूभाऊ एसटीत ड्रायव्हर होते, आता घरी बसून असतात, आणि त्यांच्या मते जगात जे जे बिघडतं ते बॅटरीमुळे. मोबाइल, रेडिओ, माणसाचं डोकं. त्यांनी झाकण काढलं, बॅटरी काढली, लुंगीला पुसली, जिभेला लावून बघितली, म्हणाले, आहे, करंट आहे. मग मला सांगितलं की बॅटरी काढून शंभर मोजायचे, नांगर सोडल्यावर बैलाले दम घेऊ देतो तसा याले घेऊ द्यायचा. मी शंभर मोजले, तुम्हाला सांगते, अंगणात उभी राहून एक बी.ए. डी.एड. बाई मोठ्यानं शंभर मोजते आहे, समोर एक म्हातारा जिभेवरची चव घोळवत मान डोलावतो आहे आणि रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघताहेत. शंभर झाले. बॅटरी घातली. मोबाइल चालू झाला, त्याची ती सुरुवातीची धून वाजली, सगळ्यांचे चेहरे उजळले, मी बटन दाबलं, घड्याळ, गरगर, नॉट.

आणि कॅमेरा? उघडायचं नाव नाही.

मंगळवारी डिंपलला कडेवर घेतलं आणि खुशालच्या दुकानात गेले. खुशाल बसस्टॅंडजवळ मोबाइलमध्ये गाणी भरून देतो. पोरगा हुशार, त्यानं ती पळणारी ओळ एका नजरेत वाचली, त्याच्या डोळ्यांची सवयच तशी. म्हणाला, "ताई, नॉट इनफ मेमरी. याचं पोट भरलं आहे. पोट भरलेला माणूस तोंड उघडते का?" मी म्हटलं, काय खाल्लं त्यानं एवढं? त्यानं बटनं दाबली, दाबली, आणि पडदा माझ्यापुढे केला. एक अंगठ्याचा फोटो, कोणाच्या तरी. तीन धुनी, मोबाइलबरोबरच आलेल्या, त्या निघत नाहीत. आणि एक आवाज. नाव 'भूपेश १'. चार तास सात मिनिटं.

"हे काढून टाका," खुशाल म्हणाला, "कॅमेरा भडकन उघडते."

मी म्हटलं, भाऊ, हे दुसरीकडे कुठं काढून ठेवता येत नाही का? तर येतं, म्हणाला, का नाही येणार. कार्डाची खाच असती तर कार्डावर, पण खाच पुढच्या मॉडेलात आहे. नाहीतर कॉम्प्युटरवर, त्याला डब्यातली वायर लागते, या मोबाइलची वायर वेगळी, डब्यात दिलेली असते, ती आणा. आता ती वायर! डबा उघडला तर वायर नाही, सगळं घर उलथंपालथं केलं, शेवटी सासूबाई म्हणाल्या, ते काळं सुतळीवानी का? दिवाळीत लाखोळीचं पोतं बांधलं होतं त्यानं. आणि पोतं? पोतं वायरीसकट सासूबाईंच्या बहिणीकडे गेलं, आणि बहिणीनं, सुतळी असो की वायर, पोत्याचं तोंड कसं उघडतात, तसंच उघडलं. विळ्यानं.

आता चूक कोणाची म्हणू? डब्यातली वायर जागेवर ठेवणं माझं काम होतं. आणि खरं सांगायचं तर वायर इतकी छान होती बांधायला, मीसुद्धा बांधलं असतं.

तर मंगळवारी संध्याकाळी चिंचेखाली, उत्तरेकडे तोंड करून, मी यांना सांगितलं. म्हटलं, तुमचं ते नाटक पुसावं लागेल. मला वाटलं, थोडं तरी, एवढंसं तरी हळहळतील. तर म्हणतात, "पुसून टाक ना मंग. मले आता पाठ आहे. झोपीतून उठवून विचारलं तरी म्हणतो." आणि फोनवरच म्हणून दाखवायला लागले, मागे कोणीतरी हसलं, बाईचा आवाज, ती शालू असणार. शालू म्हणजे चाळीशीची बाई आहे, तीन लेकरांची आई, मला माहीत आहे, तिची कंबर दुखते हेही मला माहीत आहे, तरी मी त्या चिंचेच्या बुंध्यावर नखानं उगाच ओरखडे काढले.

मी म्हटलं, बरं, पुसते.

काय सांगायचं होतं मला? हेच, की ते नाटक तुमचं आहे, पण त्यातलं सगळंच नाटक नाही. दुसऱ्या अंकात, एक तास बावन्न मिनिटांवर, विक्रांत शालूचा हात धरतो, शालू किंचाळते, म्हणजे हेच बारीक किंचाळतात, त्याबरोबर गोठ्यातला गोऱ्हा दचकून हंबरतो. मग कागद उलटल्याचा आवाज. मग हे साध्या आवाजात विचारतात, "रीता, च्या झाला का वो?" आणि लांबून माझा आवाज येतो, चिडका, भांडखोर, माझा आहे यावर विश्वास बसू नये असा, "दोनच हात आहेत मला!" आणि हे, एक क्षण थांबून, विक्रांतच्या आवाजात गरजतात, "दोन हातांचा चहा या विक्रांतला मंजूर आहे!" आणि मग हसणं आहे. आधी त्यांचं, मग सासूबाईंचं, मग डिंपलचं, तिला काही कळलेलं नसताना, आणि सगळ्यात शेवटी माझं. नऊ सेकंद आहे. मी मोजलंय.

एवढ्या पावसाळ्यात आम्ही चौघं हसलो नसू असं नाही, हसलो असू की, शंभरदा. पण बाकीची हसणी गेली. ही सापडली. आणि मला त्या चिडक्या बाईला सांगावंसं वाटतं, बाई, दोन हात आहेत ना, मग दे की चहा, दिवाळी जवळ आलीय.

बुधवार पूर्ण माझ्या हातात होता. मी बटनापर्यंत गेले. पुसायचं? हो, नाही. 'हो'वर अंगठा ठेवला. डिंपल म्हणाली बाबा लाव. लावलं. संध्याकाळी पुन्हा अंगठा ठेवला, पुन्हा उचलला. म्हटलं, सकाळी. म्हटलं, आधी ते येऊ देत. आले नाहीत तर? मंडईतून निघता निघता गाडी बिघडली तर? म्हणजे चेहरा नाही आणि आवाजही नाही? असा विचार मी केला, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटला. माझं असंच आहे. मूर्खपणा करायचा असला की मी आधी त्याचं टिपण काढते.

गुरुवारी नऊ वाजले, साडेनऊ, दहा. सासूबाई तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आल्या. स्टुडिओवाल्याला बोलवावं तर तो सहकुटुंब मंडईत फोटो काढायला गेलेला. सव्वादहाला कंपनीची मेटॅडोर रस्त्यावर थांबली आणि हे उतरले. डोळ्यांत काजळ तसंच, ओठावर मिशीचा डिंक, एका कानामागे लाल रंग. म्हणाले, प्रयोग उजाडल्यावर संपला, तोंड धुवायला थांबलो असतो तर आलोच नसतो. आणि अकरा म्हणजे अकरा, मॅनेजर घड्याळ घेऊन बसला आहे.

डिंपल कणगीमागं.

यांनी तोंड धुतलं, साबणानं, दोनदा. तिसऱ्यांदा मी राखुंडी दिली. स्वच्छ चेहरा निघाला, माझ्या ओळखीचा, जरा उतरलेला. पुसून अंगणात बसले आणि हात पुढे करून, इतकं हळू, इतकं मऊ म्हणाले, "ये बाळा. बाबा आलो ना."

कणगीमागून फक्त डोळे. म्हणते, "तू कोन होय?"

सासूबाई म्हणाल्या, बाबा होय वो ते, तुहे बाबा. डिंपलनं मान हलवली. ठाम. मोबाइलकडे बोट केलं, जो माझ्या हातात होता, आणि म्हणाली, "बाबा त्याच्यात हाये." यांनी तीन महिन्यांत किती माणसांची घरं पेटवली असतील, तो माणूस पायरीवर बसून नुसता आपल्या तळव्याकडे बघायला लागला. साडेदहा वाजून गेले होते.

मग त्यांनी घसा खाकरला. उठले. छाती पुढे काढली. आणि आमच्या अंगणात, भर सकाळी, पोटातून आवाज काढून गरजले, "शालू! या जंगलात पानसुद्धा या विक्रांतला विचारून हलतं!"

कोंबड्या उडाल्या. मुखरूभाऊ काठी घेऊन दारात आले. आणि कणगीमागून माझी लेक बाहेर आली, दोन पावलं टाकली, कमरेवर हात ठेवला, आणि म्हणाली, "नलाधमा! माझ्या बाबाला हात लावशील तल जलून जाशील!"

बरोबर ओळ. अक्षरासकट बरोबर, र आणि ळ सोडून.

यांनी पुढची ओळ घेतली, तिनं त्याच्या पुढची. हे एक पाऊल पुढे, ती एक पाऊल पुढे. म्हाताऱ्याची चिता झाली, शालूचा शाप झाला, आणि कुठल्या वाक्यावर कोण जाणे, ती त्यांच्या मांडीवर होती, आणि त्यांच्या गालावर हात ठेवून, तोंडातून आवाज निघतो कुठून ते बघत होती. बोट घालून. दातांच्या मागे.

आणि मी? मी मोबाइल छातीशी धरून नाटक बघत बसले. तुम्हाला सांगते, मी विसरले. एवढ्यासाठी मोबाइल उन्हात वाळवला, शंभर आकडे मोजले, आणि फोटो समोर मांडी घालून बसलेला असताना मी पहिल्या रांगेतल्या बाईसारखी तोंड उघडं टाकून बघत होते.

हॉर्न वाजला.

तेव्हा मी दाबलं. हो. पुसा. विचार केला नाही, नऊ सेकंदांचाही केला नाही. आणि पुन्हा ते घड्याळ. गरगर, गरगर. चार तास सात मिनिटं पुसायला वेळ लागतो हो! दुसरा हॉर्न. हे उठले, डिंपलला सासूबाईंच्या कडेवर दिलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते, मी घड्याळाकडे बघत होते. म्हणाले, "येतो मंग, रीता." मी म्हटलं, एक मिनिट. एकच मिनिट. तिसरा हॉर्न. हे पळाले. मी मागे पळाले, हातात मोबाइल, मोबाइलात घड्याळ. ते मेटॅडोरमध्ये चढले, दार ओढलं, गाडीला झटका बसला...

आणि कॅमेरा उघडला! भडकन. खुशाल म्हणाला होता तसा.

फोटो आला. खिडकीतून बाहेर आलेलं एक कोपर. कोपर यांचंच, वादच नाही, बाकी सगळी धूळ. सासूबाईंनी बघितला, म्हणाल्या, चांगलं निघालं, जरा काळं निघालं. मुखरूभाऊंनी विचारलं की मी म्हणत होतो ना, बॅटरी?

संध्याकाळी दिवे लागले. डिंपल अंथरुणावर आली, अंगठा तयार ठेवला, म्हणाली, बाबा लाव. मी म्हटलं, आज बाबा दमलेत गं. म्हणाली, लाव. मी कोपर दाखवलं. तिनं बघितलं, माझ्या हातात परत दिलं, आणि ओठ थरथरायला लागले, तो एक थरथराट असतो, आयांना माहीत आहे, त्याच्यानंतर दोन तासांचं भोकाड.

मग मी काय करणार? आवाज गेला होता, माणूस गडचिरोलीच्या रस्त्यावर होता, आणि ते अख्खं नाटक, तीन महिने रोज ऐकून ऐकून, घरात अजून एकाच माणसाला पाठ होतं. मी दाराला कडी घातली. घसा खाकरला. सासूबाई मागच्या खोलीत होत्या, त्यांची लाज वाटली, मग नाही वाटली. "शालू," मी म्हटलं, पोटातून, "या जंगलात पानसुद्धा या विक्रांतला विचारून हलतं!" पोरगी थबकली. मी पुढे गेले. शालू बारीक, बाप खोकत, नोकर नाकातून. कुठं अडले नाही, तुम्हाला सांगते, एका जागी अडले नाही! गोऱ्हासुद्धा हंबरले मी. चहा मागितला, मीच, आणि दोनच हात आहेत मला, तेही मीच, आणि ते नऊ सेकंद मी जमेल तसं हसले, चौघांचं मिळून एकटी.

डिंपलनं अंगठा तोंडातून काढला. डोळे उघडले. मला वाटलं, आता म्हणेल, आई, किती छान. आयुष्यात मला कोणी टाळी दिलेली नाही, मी थोडी सरसावूनच बसले.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझा पदर मुठीत घट्ट धरून म्हणाली, "आई, तू बी वडस्याले चालली का?"